अहमदाबादच्या पोळ, एक गाइड आणि तीन तास

जुनं अहमदाबाद पाहायला गाइड लागतोच असं नाही. जामा मशीद, तीन दरवाजा, माणेक चौक ही नावं कुठल्याही रिक्षावाल्याला ठाऊक असतात, तो दारात नेऊन सोडतो. गाइड लागतो तो या ठिकाणांच्या मधल्या भागासाठी. काळूपूर, झवेरीवाड, दोशीवाडा, खाडिया हा सगळा पोळांचा पसारा. पोळ म्हणजे तोंडाशी दरवाजा असलेली, आत दाटीने घरं असलेली गल्लीवजा वस्ती. गल्लीतून गल्ली फुटते, ती एखाद्या चौकात संपते, आणि त्या चौकातलं एक दार कुणाच्या तरी घराचं वाटतं, पण तो असतो पलीकडच्या पोळमध्ये जायचा रस्ता. फोनवरचा नकाशा इथे दोन कारणांनी चुकतो. घरं उंच आणि एकमेकांना चिकटलेली असल्यामुळे आपला ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो; आणि घरांखालून जाणाऱ्या वाटा नकाशावर बहुतेक नसतातच.

महानगरपालिकेची हेरिटेज वॉक १९ नोव्हेंबर १९९७ रोजी सुरू झाली. काळूपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघून जामा मशिदीपाशी संपणारी, साधारण अडीच तासांची. खासगी गाइडही बहुतेक हाच मार्ग धरतात, कारण तो खरोखरच नीट आखलेला आहे. मग वेगळे पैसे कशाचे? थांबण्याचे. गटाबरोबर गेलं की एखाद्या तीरावरची, म्हणजे वरचा मजला तोलणाऱ्या लाकडावरची, नक्षी नीट दिसायच्या आतच पुढची माणसं वळणाआड गेलेली असतात. एकट्यासाठी किंवा घरच्या तीन-चार जणांसाठी गाइड घेतला की त्याला म्हणता येतं, हे घर आधी नीट समजावून सांगा, पुढची दोन ठिकाणं राहिली तरी चालतील. असं म्हणायची तयारी नसेल तर पालिकेची फेरीच घ्यावी. ती स्वस्त आहे आणि चांगली आहे.

काय पाहायचं याला गाळणी लावावीच लागते. १४११ मध्ये अहमदशहाने साबरमतीच्या पूर्व काठावर वसवलेलं हे तटबंदीचं शहर २०१७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. संपूर्ण शहर म्हणून हा मान मिळवणारं भारतातलं ते पहिलं. नोंदवलेलं क्षेत्र आहे सुमारे ५३५ हेक्टर. स्वामिनारायण मंदिर ते जामा मशीद हे अंतर सरळ रेषेत किलोमीटरभरच, पण वळणावळणांनी दोन किलोमीटरांपर्यंत जातं, आणि तेवढ्यालाच तीन तास लागतात. म्हणून एका सकाळी एकच पट्टा. भद्र किल्ला, सिदी सय्यदची जाळी, हठीसिंगचं देरासर (जैन मंदिर) हे सगळं त्याच फेरीत बसवून देतो म्हणणारा गाइड तुम्हाला गाडीतून फिरवणार आहे, असं समजा.

ठरवताना फोनवर किंवा निरोपात काही गोष्टी आधीच स्पष्ट कराव्यात. माणसं किती, त्यांत गुडघ्यांचा त्रास कुणाला, लहान मूल आहे का. चारपेक्षा जास्त माणसं नकोत: पोळमधल्या गल्लीत दोन माणसं जेमतेम शेजारी शेजारी चालतात आणि मधून स्कूटर येते, त्यामुळे मागच्या दोघांना काही ऐकू येत नाही. दर माणशी आहे की फेरीचा, किती तासांचा, ठरल्यापेक्षा जास्त वेळ लागला तर पुढचा हिशेब कसा, हेही विचारावं. बोलणारा माणूस स्वतः येणार की दुसऱ्याला पाठवणार, हा प्रश्न तर चुकवूच नये. एजन्सीतून ठरवलं की फोनवर जाणकार असतो आणि सकाळी भलताच कुणीतरी उभा असतो, हे बऱ्याचदा होतं. भाषेच्या बाबतीत आमचा आग्रह हिंदीचा. इंग्रजीत बोलू लागला की गाइड पाठ केलेलं म्हणतो. हिंदीत बोलताना मधेमधे गुजराती शब्द येतात, ओटल्यावर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, बसलेल्या आजोबांना तो तिथल्या तिथे काही विचारतो, आणि त्या दोघांचं बोलणं मराठी माणसाला निम्मंअधिक कळतंच.

आणखी एक वाक्य न लाजता लिहून टाकावं: खरेदी करायची नाही. बांधणीचं किंवा हातछपाईचं दुकान ‘फक्त बघायला’ म्हणून मार्गात येतं, तिथे अर्धा तास जातो, आणि दुकानदाराकडून गाइडला वाटा मिळतो. आधी सांगितलेलं असलं की तो दुकानाच्या दिशेने वळतच नाही आणि दोघांचाही अवघडलेपणा वाचतो.

केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचं ओळखपत्र असलेला गाइड मशिदी आणि मकबऱ्यांविषयी सहसा चांगलं बोलतो. पोळमध्ये मात्र तिथेच वाढलेला, किंवा निदान तिथे रोज जाणारा माणूस हवा. ओळखायची सोपी खूण म्हणजे आधीच विचारायचं: एखाद्या घराचा टांका, म्हणजे फरशीखालची पावसाच्या पाण्याची टाकी, आतून पाहता येईल का? ज्याची पोळमध्ये खरी ओळख असते तो लगेच सांगतो की अमक्या घरी विचारतो, ते सकाळी असतात, आत दहा मिनिटं मिळतील. ज्याची नसते तो म्हणतो, बघू.

वेळ सकाळची, साडेसात ते साडेदहा. उन्हाचा प्रश्न आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की दहा-अकराच्या सुमाराला दुकानं उघडतात आणि गल्ल्यांतून हातगाड्या, टेम्पो, दुचाक्या सुरू होतात. मग मान वर करून नक्षी पाहणं धोक्याचं होतं. सकाळी ओटले धुतले जात असतात, देरासरांत पूजा चालू असते, पाखरांच्या चबुतऱ्याखाली दाणे पडलेले असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. एप्रिलपासून पारा चाळिशीपार जातो आणि मशिदीच्या अंगणातली फरशी अनवाणी पायांना सोसत नाही. रविवारी रहदारी कमी असते पण सराफी बंद, त्यामुळे माणेक चौक अर्धाच दिसतो. शुक्रवारी जामा मशिदीत दुपारची मोठी नमाज असते. त्या दिवशी मशीद सकाळीच उरकून घ्यावी, नाहीतर फेरी उलटी, मशिदीकडून मंदिराकडे करावी. उत्तरायणाच्या, म्हणजे १४ जानेवारीच्या आसपास पोळ पाहायला जाऊ नये असं आमचं मत. सगळं शहर गच्चीवर असतं, गाइडही, आणि गळ्याच्या उंचीवर मांजा आडवा येतो. पतंग पाहायचे असतील तर ते गच्चीवरून पाहायचे, ती वेगळी सहल.

पायांत बिनलेसचे बूट किंवा सँडल, कारण ते पाच-सहा वेळा काढावे लागतात. सोबत मोज्यांचा एक जोड. चामड्याचा पट्टा आणि पाकीट हॉटेलवरच ठेवा. देरासरात चामडं चालत नाही, आणि दारात पाकीट कुणाकडे द्यायचं हा घोळ टळतो. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, डोक्यावर घ्यायला ओढणी किंवा रुमाल असावा. सुट्टे पैसे, पाण्याची बाटली, छोटा टॉर्च. स्वच्छतागृहाचं काम निघायच्या आधी उरकावं. पुढच्या तीन तासांत बरी सोय मिळेलच असं नाही, आणि ज्येष्ठ मंडळींची फेरी मध्येच तुटते ती बहुधा याच कारणाने.

भेटीची जागा नुसती ‘स्वामिनारायण मंदिर’ अशी ठरवू नये. रस्त्यावरच्या मोठ्या रंगीत दरवाजाच्या आत की बाहेर, हे ठरवून घ्यावं. बाहेर रिक्षा आणि बसची इतकी गर्दी असते की दोन माणसं दहा पावलांवर उभी राहून एकमेकांना फोन करत बसतात. मेट्रोने येणार असाल तर काळूपूर रेल्वे स्थानकाचं मेट्रो स्टेशन सोयीचं.

मंदिर १८२२ चं, स्वामिनारायण संप्रदायाचं पहिलं. ब्रह्मदेशी सागाच्या खांबांवरची आणि तीरांवरची कोरीव, रंगवलेली चित्रं पाहण्यासारखी आहेत, पण इथे वीस मिनिटांच्या वर घालवू नयेत. जागा मोकळी, सावली आहे, बसायला मिळतं, म्हणून गाइड शहराचा सगळा इतिहास इथेच सांगू लागतो आणि पाऊण तास जातो. त्याला सांगावं की चालता चालता सांगा. दहाच्या आत जेवढं पोळमध्ये पाहता येईल तेवढं मोलाचं आहे, आणि तो वेळ इथूनच वजा होत असतो.

मंदिरामागून लांबेश्वरनी पोळमध्ये शिरलं की कवी दलपतराम चौक लागतो. दलपतराम (१८२० ते १८९८) हे अर्वाचीन गुजराती कवितेच्या आरंभीच्या मोठ्या कवींपैकी. त्यांचं घर इथे होतं. ते पडल्यावर दर्शनी भाग पुन्हा उभारला आणि ओटल्यावर त्यांचा पुतळा बसवला. पुतळ्याला चौथरा नाही, कठडा नाही. घराच्या पायरीवर माणूस बसावा तसे ते बसलेले आहेत, आणि पोळमधली मुलं त्यांच्या शेजारी बसतात. पोळ कशी वाचायची याची सुरुवात इथूनच करावी. पोळच्या तोंडाशी दरवाजा असतो आणि त्यावर राखणदाराची खोली. रात्री हा दरवाजा बंद होई. आतला एक फळा पोळच्या बातम्यांसाठी असतो: कुणाकडे लग्न, कुणाकडे उठमणं (शोकसभा), पाणी कधी येणार नाही. चौकात उंच खांबावर नक्षीदार घुमटी, तो चबुतरा. दाट वस्तीत झाडांना जागा उरली नाही, तेव्हा पाखरांसाठी केलेली ही सोय. काही गल्ल्या मुद्दाम बंद ठेवलेल्या आहेत. परका माणूस आत आला तर तो परत त्याच वाटेने, सगळ्यांच्या नजरेखालून जाणार. सुटकेची वाट वेगळी असे, घरातून घरात जाणारी, ती फक्त राहणाऱ्यांना माहीत. अशी एक वाट या फेरीत आजही चालायला मिळते. डोकं वाकवून जावं आणि आत थांबून बोलू नये, कारण दोन्ही बाजूंना लोकांची घरं आहेत आणि आवाज घुमतो.

हाजा पटेलच्या पोळमधलं काळा रामजी मंदिर बाहेरून घरासारखंच दिसतं. आत काळ्या पाषाणातला राम बसलेला आहे. नाशिकचा काळाराम ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा फरक लगेच जाणवतो, कारण तिथला उभा. तिथून जवळच शांतिनाथाचं देरासर, जुन्या लाकूडकामासाठी पाहावं असं. या टप्प्यावर थांबून एक घर पुरतं पाहून घ्यावं. आमच्या मते सगळ्या फेरीतला हा सगळ्यात मोलाचा अर्धा तास.

घराचा दर्शनी भाग अरुंद, खोली मात्र खूप, कारण दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांच्या. रस्त्यालगत ओटला. लाकडी खांब थेट जमिनीवर रोवलेला नाही, खाली दगडी बैठक आहे. ओल दगडातच अडते आणि लाकूड कुजत नाही. वर पुढे झुकलेल्या मजल्याला तोलणारे तीर, त्यांवर पोपट, हत्ती, वेलबुट्टी. मग भिंतीचा गिलावा जिथे उडालेला असेल तिथे पाहावं. विटांच्या थरांमध्ये ठरावीक उंचीवर आडवी लाकडं घातलेली दिसतात. नक्षीपेक्षा ही लाकडं जास्त महत्त्वाची, असं आम्हाला वाटतं. भूकंपात भिंत हलते तेव्हा विटांचा थर एकसंध असेल तर तडा वरपर्यंत जातो. मध्ये लाकडाचा पट्टा आला की धक्का तिथे मुरतो आणि भिंत लाकडी सांगाड्याबरोबर हलून पुन्हा जागेवर येते. १८१९ आणि २००१ असे दोन मोठे भूकंप या शहराने सोसले आहेत. दुरुस्तीत एखादा लाकडी खांब काढून सिमेंटचा टाकला की हा हिशेब बिघडतो: एक बाजू ताठ, दुसरी लवचीक. गाइडला विचारा, असं कुठे झालंय? जाणता असेल तर दाखवेल.

ओटला ओलांडला की खडकी, म्हणजे बाहेरची खोली. तिच्यापुढे उघडा चौक. उजेड, वारा आणि पाऊस, तिन्ही इथून घरात येतात. आणि चौकाच्या फरशीखाली टांका. पितळेचं झाकण एवढं लहान की घागर किंवा बादली जेमतेम आत जाईल. उजेड जितका कमी तितकं शेवाळ कमी. गच्चीवरून येणारा नळ भिंतीतून खाली उतरतो. पावसाळ्याआधी गच्ची धुऊन काढायची. पहिल्या सरींचं पाणी नळाचं तोंड फिरवून बाहेर सोडून द्यायचं, कारण त्यात धूळ, पाखरांची घाण, काजळी सगळं असतं. मग नळ टांक्याकडे वळवायचा. मघा नक्षत्राचा पाऊस साठवायला सगळ्यात चांगला मानतात. चुन्याचा लेप आणि अंधार यांच्या जोरावर हे पाणी वर्षभर टिकतं. घरमालकांनी झाकण उचललं की आधी गार वाफ तोंडावर येते, मग टॉर्चच्या उजेडात पाण्याची पातळी दिसते. फोटो काढायचा तर फोनची दोरी मनगटाला अडकवलेली असावी, किंवा मग काढूच नये. इतक्या लहान तोंडातून आत पडलेली वस्तू काढायला माणूस उतरवावा लागतो आणि पिण्याचं पाणी वाया जातं. पुष्कळ घरांनी नळाचं पाणी आल्यावर टांके वापरायचे सोडले. जो टांका आपण पाहतो आहोत तो चालू आहे की नुसता राखलेला, हे विचारून घ्यावं; दोन्हींचा वास वेगळा असतो.

घर पाहायला मिळालं तर घरच्यांना काही द्यायचं का, किती, हे गाइडला बाहेर असतानाच विचारावं. काही घरी ठरलेली रक्कम असते, काही घरी पैसे पुढे केले तर त्यांना वाईट वाटतं. आत बूट नाहीत, मोठ्याने बोलणं नाही, देवघराकडे आणि स्वयंपाकघराकडे कॅमेरा नाही. ओटल्यावर बसायचं असेल तर विचारून. तो रस्त्याचा कठडा वाटला तरी घराचाच भाग आहे. कपडे धुणाऱ्या, भाजी निवडणाऱ्या बायकांचे फोटो काढणारे पाहुणे पोळमध्ये पुष्कळ येऊन गेले आहेत, आणि त्याचा राग पुढच्या पाहुण्यावर निघतो.

बंद, ढासळलेली घरंही दिसतील. पुष्कळ कुटुंबं नदीपलीकडे पश्चिमेला गेली, एकेका घराचे वारस अनेक, दुरुस्तीवर एकमत होत नाही. काही घरांची गोदामं झाली आहेत: वर जुन्या काळची नक्षी, खाली लोखंडी शटर, आणि लाकडी मजल्यावर मालाचं ओझं. गाइडने ही घरं टाळून फक्त रंगवलेली, नीटनेटकी घरं दाखवली तर फेरी अर्धवट राहते. वारसा यादीत नाव आलं म्हणून तुळया आपोआप तग धरत नाहीत, आणि हे पाहणाऱ्यालाही दिसायला हवं.

झवेरीवाडात देरासरं एकमेकांच्या जवळ आहेत. संभवनाथाच्या खडकीतलं (इथे खडकी म्हणजे छोटी गल्ली), निशा पोळमधलं जगवल्लभ पार्श्वनाथ, दोशीवाडानी पोळमधलं अष्टापदजी. बाहेरून साधी भिंत, आत संगमरवराचं बारीक काम, आणि काही ठिकाणी मूर्ती तळघरात. हल्ल्याच्या काळात बाहेरून काहीच कळू नये ही त्यामागची रीत. सगळी पाहायची हाव धरू नये. एक लाकडी आणि एक संगमरवरी, एवढ्यात फरक कळतो. आत गाइडने बोलू नये, जे सांगायचं ते दारात सांगून घ्यावं. पूजेच्या वस्त्रांतल्या माणसाला स्पर्श होणार नाही इतकं अंतर ठेवावं. मूर्तीचे फोटो सहसा चालत नाहीत. पाटी नसली तरी विचारावं. दुपारी देरासरं बंद होतात, त्यामुळे मागे रेंगाळलेल्या फेरीचा फटका इथेच बसतो.

दोशीवाडानी पोळमध्येच हरकुंवर शेठाणीची हवेली आहे. तिचे दर्शनी तीर रस्त्यावरूनच पाहायचे, त्यांत चिनी धाटणीची छटा दिसते. पुढे फर्नांडिस पुलाखाली पुस्तकं-वह्यांचा बाजार. इथे थांबायचं कारण नाही, फक्त दुकानं उघडू लागली की वाट काढायला वेळ लागतो एवढं लक्षात ठेवावं. मग मुहूर्त पोळ, शहरातली सगळ्यात जुनी समजली जाणारी, आणि तिच्या तोंडाशी माणेक चौक.

माणेक चौकात दिवसाच्या तीन पाळ्या चालतात. सकाळी गाईंना चारा, दिवसभर सराफी, रात्री खाण्याच्या गाड्या. १८९४ मध्ये स्थापन झालेल्या शेअर बाजाराची जुनी इमारतही इथेच. माणेकनाथ बाबाची गोष्ट गाइड इथे सांगणारच: बाबा दिवसा गोधडी विणायचे आणि रात्री उसवायचे, तसतशी दिवसभर बांधलेली तटबंदी रात्री कोसळायची. ऐकण्यासारखी आहे, पण ही दंतकथा आणि शेअर बाजाराचं साल एकाच सुरात सांगणाऱ्या गाइडला मध्येच थांबवून विचारावं की यातलं नोंदलेलं किती. रात्रीचा चौक याच फेरीत कल्पनेने पाहायचा नसतो, त्यासाठी त्याच संध्याकाळी स्वतः परत यावं. तेव्हा गाइड लागत नाही.

चौकाच्या पूर्वेला राणीनो हजिरो, राण्यांच्या कबरी, भोवती कपड्यांची आणि दागिन्यांची दुकानं. पश्चिमेला बादशहानो हजिरो, तिथे १४४२ मध्ये वारलेला अहमदशहा. आतल्या दालनात स्त्रियांना प्रवेश नाही; बरोबर कुणी स्त्री असेल तर हे आधी सांगायचं काम गाइडचं आहे, दारात अडवल्यावर सांगायचं नव्हे.

जामा मशिदीसाठी निदान अर्धा तास राखून ठेवावा. १४२४ मध्ये बांधून झालेली, २६० खांबांची. मधल्या मोठ्या कमानीच्या दोन्ही अंगांना मिनारांची खालची, भरगच्च कोरलेली अंगं उरली आहेत; वरचे मिनार १८१९ च्या भूकंपापासून ढासळत गेले. आत शिरल्यावर एकदम मध्यभागी जाऊ नये. एका कडेच्या खांबाशी उभं राहून तिरकं पाहावं, म्हणजे रांगा कशा सरकतात आणि मधल्या भागाची उंची वाढवून जाळ्यांतून उजेड कसा आत घेतला आहे ते कळतं. घंटा-साखळी, कमळ, कलश यांसारखी देवळांतली नक्षी इथल्या खांबांवर ओळखीची वाटते. कारागीर इथलेच होते.

इथे बहुतेक फेऱ्या संपतात. मराठी माणसाने मात्र गाइडला आणखी पंधरा मिनिटं मागून तीन दरवाजापर्यंत जावं. १७५८ ते १८१७ या काळात शहरावर पेशवे आणि गायकवाड यांची सत्ता होती. मराठी सुभेदार चिमणाजी रघुनाथ यांनी १८१२ मध्ये काढलेलं फर्मान इथे देवनागरीत कोरलेलं आहे: बापाच्या मालमत्तेत मुलीला तिचा वाटा विनातक्रार मिळावा, जो मोडेल त्या हिंदूने महादेवाला आणि मुसलमानाने अल्लाला जाब द्यावा. कमानींखालून रहदारी आणि खांबांना टेकून फेरीवाल्यांचा माल, त्यामुळे शिळा सहज दिसत नाही. गाइडला आधीच सांगून ठेवलेलं असलं की तो नेमक्या खांबापाशी नेतो. अक्षरं झिजलेली आहेत. सकाळचं तिरकं ऊन किंवा बाजूने धरलेला टॉर्च असेल तर ओळी वाचता येतात, समोरून उजेड टाकला तर सगळं सपाट दिसतं. त्याच दरवाजातल्या एका कोनाड्यात लक्ष्मीचा दिवा तेवत असतो आणि पिढ्यानपिढ्या एक मुसलमान कुटुंब त्यात तेल घालत आलं आहे.

पैसे इथेच, ठरल्याप्रमाणे द्यावेत. वेळ वाढली असेल तर त्याचे वेगळे, न मागता. दुसऱ्या सकाळसाठी याच गाइडबरोबर जायचं असेल तर निरोप घेण्याआधी पट्टा ठरवून टाकावा: लाकूडकामासाठी खाडियाच्या बाजूची देसाईनी पोळ, मराठी काळासाठी रायखडची गायकवाड हवेली आणि भद्र, किंवा १५७२-७३ ची सिदी सय्यदची मशीद. शेवटच्या ठिकाणी पश्चिमेच्या जाळ्या आतून पाहायला सकाळ चालत नाही, ऊन त्यांच्यामागे जायला दुपार उलटावी लागते.